पाचव्या दिवसाचा रिपोर्ट



या महिन्याचे पत्र तिशीतल्या एका बंधूंचे आहे. नाव-गाव छापू नये ही त्यांची विनंती आम्ही पाळली आहे आणि ओळख पटेल असा तपशीलही गाळला आहे. चार वर्षे आखाती देशात नोकरी, आता रजेवर घरी. येताना मुंबईत दोन दिवस मुक्काम पडला आणि तिथे जे घडायला नको होते ते घडले. तौबा केली आहे, असे ते लिहितात. ती त्यांच्या आणि अल्लाहच्या मधली बाब आहे, आम्ही तिथे शिरत नाही. पण त्यानंतर पाचव्या दिवशी त्यांनी एका लॅबमध्ये रक्त दिले. गुप्तरोगांचे सगळे पॅकेज करून घेतले. त्यात हर्पीसही होता. सगळे निगेटिव्ह आले. पत्नी धाकट्या बहिणीच्या निकाहसाठी माहेरी गेली होती, ती शुक्रवारी परत येणार. त्यांचे प्रश्न दोनच आहेत. रिपोर्ट स्वच्छ आहे, अंगावर काही नाही, तर निर्धास्त व्हावे का? आणि पत्नीला काही सांगावे लागेल का?

मासिक महिन्याने निघते आणि शुक्रवार काही थांबत नाही, म्हणून त्यांना आम्ही लगेच कळवले. हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहोत.

घरात सर्वजण वाचतात त्या मासिकात असला विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. हया आम्हालाही प्रिय आहे. पण दीनच्या गोष्टी समजून घेताना अन्सारच्या स्त्रिया संकोचत नसत आणि हजरत आएशा (रजि.) यांनी त्याबद्दल त्यांची प्रशंसा केली, हेही आपल्याच इतिहासात आहे. शिवाय या रोगाची सर्वात अन्यायाची बाजू अशी की निष्पाप पत्नीला तो निकाहच्या नात्यातून मिळतो आणि पुष्कळदा बोट मात्र तिच्याकडेच दाखवले जाते. त्याबद्दल पुढे येईलच.

आधी नावाचा घोळ. मराठीत हर्पीसला सरसकट नागीण म्हणतात. कमरेला किंवा छातीवर एका बाजूने पट्टा उठतो ती नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर. लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणू अंगात दबून राहतो आणि उतारवयात पुन्हा डोके काढतो, त्याचा हा आजार. त्याचा शरीरसंबंधांशी काही संबंध नाही. दादींना नागीण झाली म्हणून कोणी कुजबुजण्याचे कारण नाही. आपण बोलतो आहोत तो हर्पीस सिम्प्लेक्स. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुधा तोंडाचा. तापानंतर ओठाच्या कडेला पुळ्या उठतात, त्या याच्याच. हा बालपणीच घरातल्या मोठ्यांच्या मुक्यांमधूनही मिळतो. दुसरा प्रामुख्याने जननेंद्रियांचा, शरीरसंबंधातून पसरणारा. पहिला प्रकारही खाली होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे 380 कोटी लोकांच्या अंगात पहिला प्रकार आहे आणि 15 ते 49 वयाच्या सुमारे 52 कोटी लोकांच्या अंगात दुसरा. त्यातल्या बहुतेकांना तो आपल्याला आहे याची कल्पनाही नसते. संडासाची सीट, टॉवेल, हौदाचे पाणी यांच्यावर खापर फोडू नये, तिथून हा पसरत नाही. त्वचेला त्वचा लागून पसरतो.

आता पहिला प्रश्न. पाचव्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट त्या रात्रीबद्दल काहीही सांगत नाही. लॅबने चूक केली असे नव्हे. रक्ताच्या तपासणीत विषाणू शोधत नाहीत, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधतात. ती तयार व्हायला वेळ लागतो. काहींना तीन-चार आठवडे, काहींना बारा ते सोळा आठवडे, क्वचित त्याहूनही अधिक. पाचव्या दिवशी रक्तात जे दिसते ते त्याआधीचे दिसते. त्या पॅकेजमधल्या बाकीच्या रक्ततपासण्यांचेही तेच आहे. एचआयव्हीची आता सर्रास होणारी तपासणीदेखील लागण पकडायला साधारण अडीच ते साडेसहा आठवडे घेते. गरमीची, म्हणजे सिफिलिसची, व्हीडीआरएल इतक्या लवकर बोलत नाही. लॅबच्या काउंटरवर मात्र हे कोणी सांगत नाही. ग्राहक पॅकेज मागतो, ते पैसे घेतात, रक्त काढतात, संध्याकाळी मोबाईलवर पीडीएफ येते. संबंध कधी आला, हे विचारायला तिथे डॉक्टर नसतो. पैसे गेले त्याचे दुःख नाही, खोटा दिलासा मिळाला त्याचे आहे.

मग खरी तपासणी कोणती? हर्पीसच्या बाबतीत ती फोडाची. संबंध आल्यापासून साधारण दोन ते बारा दिवसांत, बहुधा चौथ्या दिवसाच्या आसपास, लागण झालेल्यांपैकी काहींना लक्षणे दिसतात. आधी त्या जागी झिणझिण्या किंवा आग, मग पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका, ते फुटून दुखणाऱ्या उथळ जखमा. लघवीला जळजळ होते, जांघेत अवधाण येते, ताप आणि अंगदुखीही असते. हे दिसले की त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे, उद्यावर टाकायचे नाही. ताज्या फोडातला द्रव किंवा जखमेचा तळ कापसाच्या काडीने पुसून घेतात. हा स्वॅब पीसीआर तपासणीला गेला की विषाणू आहे का आणि दोन्हींपैकी कोणता, हे खात्रीने कळते. पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतलेला स्वॅब सर्वात उपयोगी. खपली धरल्यावर विषाणू सापडेलच असे नाही, आणि तेव्हा निगेटिव्ह आले तर ते पक्के मानता येत नाही.

इथे आपले लोक हमखास वेळ घालवतात. शरम वाटते म्हणून मेडिकलवाल्याला खाज आहे असे सांगून ट्यूब आणतात. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचे औषध एकत्र असते. त्याने जखमेचे रूप बदलते, आजार बिघडू शकतो आणि डॉक्टरला नीट ओळखता येत नाही. कोणी नागीण समजून लेप लावतात, गेरूचे वेटोळे काढतात. रेल्वे रुळांकडेच्या भिंतींवर गुप्तरोगाचा शर्तिया इलाज रंगवलेला असतो, त्याविषयी तर बोलायलाच नको. तपासणी होईपर्यंत त्या जागी साध्या पाण्याशिवाय काही लावू नये.

या बंधूंना फोड आलेला नाही. अशा माणसाने हर्पीससाठी रक्त द्यावे का? आमचे मत स्पष्ट आहे: घाई करू नये, आणि बहुतेकांना ते द्यावे लागणारही नाही. लक्षणे नसलेल्यांची हर्पीससाठी सरसकट रक्ततपासणी करू नये, असे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेचेही मत आहे, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. आयजीएम नावाची तपासणी नवी लागण आणि जुनी लागण यांत फरक करू शकत नाही, तरी लॅबवाले ती विकतात. पहिल्या प्रकाराची आयजीजी पॉझिटिव्ह आली तर विषाणू ओठावरचा की खालचा, हे त्यातून कळत नाही, आणि पहिला प्रकार तर निम्म्याहून अधिक जगाच्या अंगात आहे. दोन्ही प्रकार एकत्र मोजणाऱ्या तपासणीत तेवढाही अर्थ उरत नाही. दुसऱ्या प्रकाराची वेगळी आयजीजी त्यातल्या त्यात कामाची, पण रिपोर्टमध्ये इंडेक्स म्हणून जो आकडा असतो तो 1.1 पासून 3 पर्यंत असेल तर पुष्कळदा पॉझिटिव्ह चुकीचे निघते. तेव्हा दुसऱ्या पद्धतीने पडताळणी करावी लागते. डॉक्टरांनी ही तपासणी सुचवलीच, तर दुसऱ्या प्रकाराची वेगळी आयजीजी मागावी आणि संबंध आल्यावर निदान बारा, शक्यतो सोळा आठवड्यांनी रक्त द्यावे.

पण हर्पीसच्या नादात त्याहून घातक आजार विसरून चालणार नाही. एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या गोळ्या असतात, त्या संबंध आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि 28 दिवस घ्याव्या लागतात. या बंधूंची ती मुदत पत्र लिहिण्यापूर्वीच संपली होती. ज्यांची संपलेली नाही त्यांनी लॅब शोधत बसू नये, थेट जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावे, रात्र असली तरी. काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर पहिल्या चौदा दिवसांत डॉक्टरांना दाखवलेले बरे. गरमीची जखम बहुधा दुखत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. ती दहाव्या दिवसापासून नव्वदाव्या दिवसापर्यंत कधीही उठू शकते. एचआयव्ही आणि गरमीच्या तपासण्या साधारण सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी केल्या की त्या रात्रीचा हिशेब कळतो.

आखातात जाणाऱ्यांची एक समजूत इथेच दूर करावी. आपली मेडिकल पास आहे, म्हणजे आपल्याला काही नाही, असे बरेच जण धरून चालतात. त्या मेडिकलमध्ये एचआयव्ही, काविळीचे दोन प्रकार, गरमी वगैरे पाहतात. हर्पीस पाहत नाहीत. आणि मेडिकल झाल्यानंतरच्या दिवसांबद्दल ती काय सांगणार?

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. आपण केलेला गुनाह चारचौघांत सांगत फिरू नये, त्यावर पडदा राहू द्यावा, ही आपल्या दीनची शिकवण आहे. त्याच दीनमध्ये दुसऱ्याला इजा पोहोचवायची मनाई आहे, आणि पत्नी ही अमानत आहे. म्हणून त्या रात्रीचा किस्सा तिला सांगावा की नाही, हे आम्ही ठरवून देत नाही. ते एखाद्या जाणत्या, तोंड बंद ठेवणाऱ्या आलिमांना विचारावे. पण रोगाचा धोका तिच्यापासून लपवायचा आणि संबंधही ठेवायचे, ही वाट मोकळी नाही. एवढे सांगायला फतव्याची गरज नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा: तपासण्या पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावेत. फोड असेल किंवा फोड येण्यापूर्वीची आग असेल तर पूर्णपणे. निरोधने धोका कमी होतो, संपत नाही, कारण झाकली न जाणारी त्वचाही असतेच. वरून काही दिसत नसतानाही विषाणू त्वचेवर येत असतो, हे या रोगाचे वैशिष्ट्य आहे. चार वर्षे वाट पाहणाऱ्या पत्नीला काय कारण सांगायचे, हे त्या बंधूंनी पत्रात तळटीप टाकून विचारले आहे. आमचे उत्तर: मला संसर्गाची शंका आहे, तपासण्या चालू आहेत, तुला काही होऊ नये म्हणून मी लांब राहतो आहे. यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. ती पुढचे विचारील. विचारण्याचा तिला हक्क आहे. रागावली, माहेरी निघून गेली, तरी तो तिचा हक्क आहे. पाठदुखीचे किंवा थकव्याचे निमित्त तीन महिने पुरत नाही, आणि पुढे जखम तिच्या अंगावर उठली की त्या निमित्ताची आठवण दोघांनाही राहते.

यालाच जोडून उलटी बाजू. दोन-तीन महिने गर्भ राहून पडला की पुष्कळ ठिकाणी सुनेची टॉर्च नावाची रक्ततपासणी करतात. त्यातला एच म्हणजे हर्पीस. रिपोर्टवर हर्पीस आयजीजी पॉझिटिव्ह असे ठळक छापून येते, कोणीतरी मोबाईलवर हर्पीसचा अर्थ शोधतो आणि गुप्तरोग हा शब्द वाचतो. पुढे घरात काय होते ते सांगायला नको. तो आकडा लहानपणी ओठावर आलेल्या पुळीचा असू शकतो. बहुधा तोच असतो. पती किंवा पत्नीपैकी एकाला निकाहनंतर सात-आठ वर्षांनी पहिल्यांदा फोड आला, तरी लागण काल झाली असे सिद्ध होत नाही. हा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षे गप्प पडून राहतो. तो कोणाकडून कोणाकडे आणि कधी गेला, हे कोणतीही लॅब सांगू शकत नाही.

पाकदामन स्त्रीवर आळ घेणाऱ्याला सूरह नूरने चार साक्षीदार आणायला लावले आहेत आणि ते न आणणाऱ्याला ऐंशी फटक्यांची शिक्षा ठेवली आहे. ती सूरह आपल्या घरांत वाचली जाते, मुलींना शिकवली जाते. लॅबच्या कागदाला त्या चौघांच्या जागी बसवणाऱ्या सासू-सासऱ्यांनी आणि नवऱ्यांनी ती पुन्हा वाचावी, असे आम्हाला कळकळीने वाटते.

उपचाराबद्दल थोडे. हा विषाणू अंगातून कायमचा जात नाही. हे ऐकून लोक खचतात, पण ओठावरच्या पुळीचेही तसेच आहे आणि त्याने कोणाचा संसार अडत नाही. पहिला झटका जोराचा असतो, पुढचे सौम्य होत जातात, काहींना ते येतही नाहीत. ॲसायक्लोव्हिर आणि व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधे जुनी, पारखलेली आणि सहज मिळणारी आहेत. फोड उठल्यावर जितक्या लवकर सुरू होतील तितके बरे. ज्याला दुसऱ्या प्रकाराची लागण आहे त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतली तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका साधारण निम्म्याने कमी होतो. रमजानमध्ये विचारणा होते म्हणून सांगतो: पहिल्या झटक्यात ॲसायक्लोव्हिर दिवसातून तीनदा घ्यावी लागते, व्हॅलासायक्लोव्हिर दोनदा, म्हणजे सहरी आणि इफ्तारला ती बसते. पण या गोळ्यांबरोबर पाणी भरपूर प्यावे लागते. ताप आणि वेदना असतील तर आजाऱ्याला रोजे पुढे भरून काढण्याची सवलत आहेच, ती घ्यावी.

पत्नी गरोदर असेल तर मात्र थोडीही हयगय नको. शेवटच्या तीन महिन्यांत आईला पहिल्यांदाच लागण झाली तर प्रसूतीच्या वेळी ती बाळाला होण्याचा धोका मोठा असतो, आणि नवजात बाळाचा हर्पीस जिवावर बेततो. जुनी लागण असलेल्या आईच्या बाळाला तो धोका फार कमी असतो, तरी कळा सुरू होताना फोड असतील तर डॉक्टर सिझेरियन सुचवतात. म्हणून पतीला शंका असेल तर गरोदरपणात संबंध ठेवूच नयेत आणि प्रसूतीच्या डॉक्टरांना ही शंका आधीच सांगावी. पत्नीला फोड येऊन गेले असतील तर तेही सांगावे.

कुठे जायचे? जिल्हा रुग्णालये आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत सुरक्षा क्लिनिक असते. तिथे गुप्तरोगांची तपासणी, सल्ला आणि औषधे मोफत मिळतात. तिथे आजाराच्या लक्षणांनुसार रंगीत किट ठरलेले असतात. हर्पीसच्या जखमांचा लाल, त्यात ॲसायक्लोव्हिरच असते. पीसीआरची सोय प्रत्येक ठिकाणी नसते, पण अनुभवी डॉक्टर ताजा फोड नुसता पाहूनही उपचार सुरू करतात. एचआयव्हीची तपासणी समुपदेशकाशी बोलून, तुमच्या संमतीनेच होते आणि ती माहिती गुप्त ठेवणे 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे. जवळचे केंद्र कोणते, हे 1097 या मोफत क्रमांकावर विचारता येते. नाव सांगावे लागत नाही. तालुक्याच्या गावी ओळखीचे भेटतील ही धास्ती असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जावे, त्यात कमीपणा नाही. खाजगीत जायचे तर त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ अशी पाटी पाहून जावे.

केसपेपरच्या खिडकीवर आजार सांगत बसायची गरज नाही, त्वचा विभाग एवढे म्हटले की पुरे. आत डॉक्टरांना मात्र संबंध कोणत्या तारखेला आला, त्यानंतर अंगावर काय-काय उठले, कोणते मलम लावले आणि पत्नी गरोदर आहे का, हे न लपवता सांगावे. आणि या बंधूंनी तो पाचव्या दिवसाचा रिपोर्ट फाडून टाकू नये, सोबत न्यावा. त्या रात्रीपूर्वी रक्तात काय नव्हते, हे दाखवायला तो उपयोगी पडतो.